‘येतो’ म्हणणारे सगळेच परत येत नाहीत



पर्यटन, भूगोल, वाणिज्य किंवा व्यवस्थापन या विषयांत पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या अनेकांच्या मनात एक विषय हमखास घोळत असतो. तो म्हणजे ‘देशांतर्गत पर्यटक एखाद्या ठिकाणी पुन्हा का येऊ इच्छितात?’ विषय चांगला आहे. नमुना गोळा करायला परदेशी जावं लागत नाही, प्रश्नावल्या तयार मिळतात आणि कमिटीसमोर विषयाची उपयुक्तता पटवून देणंही सोपं जातं. माझा आक्षेप विषयाला नाही. ज्या साच्यात घालून तो अभ्यासला जातो त्या साच्याला आहे. माझं पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्रातलं. त्यामुळे कुठलाही निष्कर्ष वाचला की आधी ‘हे मोजलं कसं?’ हा प्रश्न पडतो. आज या साच्याला तोच प्रश्न विचारू.

साचा काय आहे?

डावीकडे चार-पाच चौकोन काढायचे: निसर्गसौंदर्य, निवास, जेवण, रस्ते, स्थानिकांची वागणूक. त्या सगळ्यांतून एक-एक बाण ‘समाधान’ या मधल्या चौकोनाकडे न्यायचा. तिथून शेवटचा बाण ‘पुन्हा येण्याचा इरादा’ या चौकोनाकडे. मग एखाद्या समुद्रकिनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी चारशे पर्यटकांकडून पाच बिंदूंच्या लिकर्ट स्केलवर प्रश्नावली भरून घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकायचे आणि बाणांवरचे सहगुणक लिहायचे. निष्कर्ष असा येतो की समाधानाचा पुन्हा येण्याच्या इराद्यावर लक्षणीय परिणाम होतो. आणि शिफारस अशी की सुविधा वाढवाव्यात.

हा साचा काही हवेतून आलेला नाही. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला मिळालेला अनुभव यांच्यातल्या फरकावरून समाधान ठरतं, ही मांडणी रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. युशिक युन आणि मुझफ्फर उयसाल यांनी २००५ मध्ये उत्तर सायप्रसच्या पर्यटकांवर केलेल्या अभ्यासात प्रेरणा, समाधान आणि ठिकाणाविषयीची निष्ठा यांची साखळी जोडून दाखवली. तो निबंध या क्षेत्रात सतत उद्धृत होतो आणि संदर्भ म्हणून तुम्हालाही वाचावा लागेल. अडचण होते ती आपण तिथला आराखडा उचलून तारकर्लीला किंवा माथेरानला आहे तसा लावतो तेव्हा.

हा प्रश्न मुळात मोजतो काय?

आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणायची पद्धत आहे. यजमान ‘परत या हं’ म्हणतात, आपण ‘हो, येऊ की’ म्हणतो. त्या ‘येऊ की’ला कोणी करारनामा समजत नाही. तो निरोपाचा शिष्टाचार आहे.

आता बघा, साच्यातला संशोधक नेमका निघायच्या वेळी, बॅगा गाडीत चढत असताना, कागद पुढे करतो: ‘मी या ठिकाणी पुन्हा येईन. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ...’ बाजूला होमस्टेचे मालक उभे असतात. त्यांच्या देखत माणूस काय लिहिणार? चार किंवा पाच. हे उत्तर खोटं नाही, पण त्यात इरादा किती आणि सौजन्य किती हे वेगळं काढता येत नाही. आपल्या भाषेत निरोपालाच ‘येतो’ म्हणतात, म्हणून हा गोंधळ इथे जास्त होण्याची शक्यता आहे. परदेशी प्रश्नावलीचं भाषांतर करताना शब्द बरोबर बसले तरी प्रसंग बदलतो, तो असा.

दुसरी गोष्ट. समाधान आणि इरादा हे दोन्ही एकाच माणसाने, एकाच कागदावर, एकाच पाच मिनिटांत भरलेले असतात. ज्याचा मूड चांगला तो दोन्हीकडे पाच टाकतो, ज्याची गाडी आत्ताच घाटात बंद पडली तो दोन्हीकडे दोन. दोन चलांमधला सहसंबंध मग मोठा दिसणारच. त्यातला काही भाग पर्यटनाचा असतो, काही भाग निव्वळ मोजण्याच्या पद्धतीचा. बरेच जण हरमनची एक-घटक चाचणी लावून हा मुद्दा निकालात काढतात, पण ती चाचणी इतकी ढोबळ आहे की तिच्यात पास झाल्याने फार काही सिद्ध होत नाही. खात्रीचा उपाय साधा आहे: समाधान आज मोजा आणि परत येणं नंतर, वेगळ्या वेळी मोजा.

इरादा आणि कृती

‘पण इरादा असेल तर माणूस येतोच ना?’ याचं उत्तर मानसशास्त्रात बऱ्यापैकी शोधलं गेलं आहे. वेगवेगळ्या वर्तनांवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यातल्या फरकांपैकी सरासरी २८ टक्के फरक इराद्यावरून सांगता येतो. समाजशास्त्रीय संशोधनात हा आकडा लहान नाही. पण उरलेले ७२ टक्के इराद्याच्या बाहेरचे आहेत, आणि आपला साचा तर इराद्यापाशीच थांबतो.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा ऑर्बेल आणि शीरन यांच्या १९९८ च्या अभ्यासात आहे. इरादा आणि कृती यांच्यातली दरी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ‘करणार नाही’ म्हणणारे बहुतेक जण खरंच करत नाहीत. चूक होते ती ‘करणार’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत. पर्यटनाला हे लावून बघा. ‘पुन्हा येणार नाही’ हे उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं, ‘येणार’ हे कमी भरवशाचं. म्हणजे इराद्याच्या आकड्यावरून अंदाज बांधला तर तो नेहमी एकाच दिशेने, फुगीर चुकणार.

किनाऱ्यावर कोण सापडतं?

आता नमुन्याकडे येऊ. इथे संख्याशास्त्राच्या मुलांनी कान टवकारावेत. समजा, एका गावात वर्षभरात १००० कुटुंबं येतात. त्यातली ९०० एकदाच येतात आणि १०० कुटुंबं वर्षातून चार वेळा. खऱ्या अर्थाने वारंवार येणारी कुटुंबं किती? १० टक्के. पण भेटी किती झाल्या? ९०० अधिक ४००, म्हणजे १३००. तुम्ही वर्षभरात कुठल्याही दिवशी जाऊन कितीही प्रामाणिकपणे यादृच्छिक नमुना घेतलात, तरी तुमच्या हाती वारंवार येणारे ४०० भागिले १३००, म्हणजे सुमारे ३१ टक्के लागतील. जो चार वेळा येतो, तो तुमच्या तावडीत सापडण्याची शक्यता चौपट.

पुढे जाऊ. एकदाच येणाऱ्यांचा सरासरी इरादा ३ आणि वारंवार येणाऱ्यांचा ५ धरा. कुटुंबांची खरी सरासरी ३.२ येते. किनाऱ्यावर उभं राहून काढलेली सरासरी ३.६ येईल. कोणी लबाडी केलेली नाही. कुठे उभं राहून विचारलं, एवढ्यावरून आकडा चढला. करमणुकीच्या ठिकाणांच्या अर्थशास्त्रात ही गोष्ट चांगली माहीत आहे. जागेवर घेतलेल्या नमुन्यासाठी समीकरणात काय दुरुस्ती करायची हे शॉ यांनी १९८८ मध्येच मांडलं आहे. सर्वात साधी दुरुस्ती म्हणजे प्रत्येक उत्तराला भेटींच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात भार देणं. त्यासाठी प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवावा लागतो: ‘गेल्या वर्षभरात इथे किती वेळा आलात?’ हा प्रश्न नसेल तर दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

आणि जे एकदा येऊन कंटाळून गेले, पुन्हा कधीच फिरकले नाहीत, ते तर किनाऱ्यावर नाहीतच. ते पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत, नाशिकमधल्या एखाद्या कार्यालयात आहेत. ‘लोक परत का येत नाहीत’ हे ज्यांना खरंच माहीत आहे, त्यांनाच आपण वगळून टाकतो.

समाधानाशिवाय परत येणारे

साच्यातला मधला चौकोन समाधानाचा आहे. पण आपल्या राज्यात वर्षानुवर्षं एका ठिकाणी परत जाणारे सर्वात निष्ठावान लोक कोण? आषाढीला पंढरपूरला जाणारे वारकरी. त्यांना निवास, स्वच्छता, गर्दीचं नियोजन यांबद्दल पाचपैकी गुण द्यायला सांगा. गुण कमी आले तरी पुढच्या वर्षी ते निघतीलच. लग्न झालं की जेजुरीला किंवा तुळजापूरला जाऊन येणाऱ्या जोडप्याचंही तेच. त्यांचं येणं घरातल्या कार्याशी बांधलेलं असतं.

‘पण ते पर्यटक कुठे?’ असं कोणी म्हणेल. आकडेवारीत ते आहेत. नेहमीच्या परिसराबाहेर, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी, तिथे नोकरी करण्याखेरीज कुठल्याही कारणासाठी गेलेला माणूस अशी पर्यटकाची व्याख्या आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरली जाते. या व्याख्येत तीर्थयात्रा येते आणि नातेवाइकांकडे जाणंही येतं. गणपतीला लालबागहून कुडाळला जाणारा चाकरमानीही यात बसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात, देशांतर्गत प्रवासाची जी पाहणी झाली, तिच्यातही सामाजिक कारणांसाठीच्या प्रवासाचं प्रमाण मोठं होतं. म्हणून ‘देशांतर्गत पर्यटक’ हा शब्द सिनॉप्सिसच्या शीर्षकात घालायचा असेल, तर त्यात कोण येतं आणि कोण नाही हे पहिल्या पानावर लिहा. नाहीतर शीर्षक सगळ्या देशाचं आणि नमुना फक्त रिसॉर्टमधल्या लोकांचा, असं होतं.

याच्या उलटही बघा. अजिंठ्याची लेणी बघून भारावलेला माणूस पूर्ण समाधानी असतो, आणि ‘बघून झालं’ म्हणून पुढच्या सुट्टीत दुसरीकडे जातो. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. ती बघायला आलेल्याला ‘पुढच्या १२ महिन्यांत पुन्हा याल का?’ विचारणं निरर्थक आहे. तो ‘नाही’ म्हणेल, आणि पुढच्या बहराला सर्वात आधी हजर होईल. परत येण्याला काळाचं एक माप असतं आणि ते प्रत्येक ठिकाणाचं वेगळं असतं.

या बाबतीत मला अजूनही सर्वात उपयोगी वाटतो तो रिचर्ड गिटेलसन आणि जॉन क्रॉम्प्टन यांचा १९८४ चा निबंध. तो जुना आहे, त्यात बाणांची आकृती नाही. लोक त्याच ठिकाणी परत का जातात याची पाच कारणं त्यांनी मांडली: नवीन जागी पैसे वाया जाण्याचा धोका टाळणं, आपल्यासारखी माणसं तिथे भेटतील ही खात्री, जागेशी जडलेली माया, मागच्या वेळी राहून गेलेलं बघणं, आणि आपल्याला आवडलेली जागा दुसऱ्याला दाखवणं. आता ही पाच कारणं माथेरानवर ठेवून बघा. मुंबईहून जवळ, गाड्यांना आत बंदी, त्यामुळे लहान मुलांना मोकळं सोडता येतं: हा टाळलेला धोका. लहानपणी बाबांबरोबर मिनी ट्रेनने आलो होतो: ही माया. आता माझ्या मुलीला ती गाडी दाखवायची आहे: हे दुसऱ्याला दाखवणं. यातलं एकही कारण ‘हॉटेलच्या खोलीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ या प्रश्नाने पकडता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. प्रश्नावली ‘मी’ला विचारते, सहलीला जातं ‘आम्ही’. मुलांच्या परीक्षा, दोघांच्या रजा, सासूबाईंचे गुडघे, आणि वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, या सगळ्यातून निर्णय होतो. कागद मात्र बिल भरायला काउंटरवर उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या हातात जातो, आणि तो बहुधा पुरुष असतो. त्याचा इरादा मोजून कुटुंबाचा निर्णय कळत नाही.

साच्याच्या बाजूने

एवढं बोलल्यावर न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. समाधान बिनमहत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही. फसवलं गेलेलं कुटुंब परत येत नाही, हे खरंच आहे. पण समाधान ही परत येण्याची हमी नव्हे. बऱ्याचदा ती फक्त नाव कटण्यापासून वाचवणारी अट असते.

दुसरं, समाधानी माणूस स्वतः न येताही उपयोगाचा असतो, कारण तो दुसऱ्यांना पाठवतो. युन आणि उयसाल यांनी पुन्हा येणं आणि इतरांना शिफारस करणं ही दोन्ही एकाच ‘निष्ठे’त घातली. आपल्या कामात ती वेगळी ठेवा. अजिंठा बघून आलेला माणूस दहा जणांना ‘जाच’ म्हणून सांगतो आणि स्वतः जात नाही. वारकऱ्याचं याच्या उलट, तो कोणी शिफारस केली म्हणून निघत नाही. दोन्ही एका आकड्यात मिसळले की दोन्ही हरवतात.

मग करायचं काय?

सरकारी आकड्यांवर थेट भिस्त ठेवता येत नाही. पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीत २०१९ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी सुमारे २३२ कोटी आहेत, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून जास्त. कारण तिथे भेटी मोजल्या जातात, माणसं नाही. त्यात पुन्हा येणारे आहेतच, पण कोणती भेट पहिली आणि कोणती पाचवी हे त्यातून कळत नाही. ती माहिती तुम्हालाच गोळा करावी लागेल, आणि त्यातच तुमच्या कामाचं नवेपण आहे.

एक, इराद्याआधी इतिहास विचारा. गेल्या पाच वर्षांत किती वेळा, कोणाबरोबर, कोणत्या महिन्यात, कोणत्या निमित्ताने. मार्टिन ओपरमन यांनी २००० मध्ये न्यूझीलंडच्या लोकांच्या ऑस्ट्रेलियाभेटींचा असाच इतिहास वापरून निष्ठेचा विचार केला होता.

दोन, परत फोन करा. संमती घेऊन, संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन नंबर ठेवा आणि १२ महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: ‘मधल्या काळात गेलात का? नसाल तर त्या सुट्टीत कुठे गेलात?’ समजा १५० जणांपैकी ९० जणांनीच फोन उचलला. तरी ते ९० जण एकदाच भेटलेल्या ४०० जणांपेक्षा जास्त शिकवतील. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्कसह तीन वर्षांचा आहे. त्यात १२ महिन्यांची वाट बघणं सहज बसतं, फक्त पहिली फेरी लवकर उरकायला हवी.

तीन, न परतणाऱ्यांना शहरात जाऊन शोधा. एका मोठ्या सोसायटीतल्या कुटुंबांची यादी करून त्यांच्या सहलींचा इतिहास विचारला, तर एकदाच गेलेले, पुन्हा गेलेले आणि कधीच न गेलेले असे तिघेही सापडतात.

चार, आपोआप घडलेले बदल शोधा, पण सावधपणे. नेरळहून माथेरानला जाणारी मिनी ट्रेन २०१९ च्या पावसात रुळांचं नुकसान झाल्याने बंद पडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ‘गाडी नव्हती तेव्हा परत येणारे कमी झाले का?’ असा मोहक प्रश्न लगेच सुचतो. पण त्याच काळात कोविड होता. त्यामुळे नुसती आधी-नंतरची तुलना करून चालणार नाही. महाबळेश्वरसारखं दुसरं ठिकाण शेजारी ठेवून तुलना करावी लागेल, आणि तरीही दावा जपूनच करावा लागेल.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण प्रबंधाची शेवटची पानं कोणीतरी वाचतं. ‘सुविधा वाढवाव्यात’ ही शिफारस नगरपंचायतीच्या टेबलावर जाते, बँकेच्या कर्जप्रकरणात जाते. किनारपट्टीवरच्या एखाद्या कुटुंबाने निवास-न्याहारीसाठी दोन खोल्या काढलेल्या असतात. ‘९० टक्के पर्यटक पुन्हा येऊ इच्छितात’ असं वाचून त्यांनी कर्ज काढून आणखी चार खोल्या बांधल्या, एसी बसवले, आणि ‘येऊ की’ म्हणणारे आलेच नाहीत, तर हप्ता कोण भरणार? चाचणीतला पी-मूल्याचा तारा त्या घराच्या उपयोगाचा नाही. कदाचित त्या घराला पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांची गरजच नसेल, दुसऱ्यांना पाठवणाऱ्या पाहुण्यांची असेल. कदाचित लोक परत येत असतील ते जुन्या पडवीसाठी, जी नव्या खोल्यांसाठी पाडली जाईल. साच्यातून यातलं काहीच कळत नाही, कारण त्याने ते विचारलेलंच नसतं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना गाईडसमोर बाणांची आकृती ठेवण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहून बघा: माझ्या अभ्यासात ‘पुन्हा येणं’ म्हणजे नेमकं किती काळात, कोणाबरोबर येणं? ते घडलं हे मी कसं ओळखणार? आणि जे आलेच नाहीत, त्यांना मी कुठे शोधणार? या तीन ओळी नीट लिहिता आल्या, तर अर्धी पद्धतशास्त्राची प्रकरणं तिथेच लिहून झाली असं समजा.

तुमच्या प्रश्नावलीत ‘परत याल का?’ हा प्रश्न असेल तर तो खुशाल ठेवा. फक्त त्याच्या पुढे ‘याआधी कधी आला होतात?’ हाही ठेवा.